भनपुरीचा प्रश्न

आमचे हे राजकारणात आले ते न्हाव्याच्या खुर्चीतून, असं मी चारचौघांत म्हटलं की त्यांना अजूनही राग येतो. पण मी डोळ्यांनी पाहिलंय. बूढापाऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली एक न्हावी बसायचा. एक लाकडी खुर्ची आणि झाडाला टांगलेला आरसा, एवढंच त्याचं दुकान. घरात दाढीचं सगळं सामान असताना हे रोज सकाळी तिथं जाऊन बसत. चेहऱ्याला फेस लागला की माणसाला बोलता येत नाही, उठून पळताही येत नाही, हे साऱ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ठाऊक होतं. वस्तरा फिरायला लागला की लोक भोवती जमायचे. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या दारातली नाली तुंबली, कुणाच्या घरासमोरचा दिवा गेला. हे नुसतं हूं हूं करायचे. तोंड पुसून झालं की दुकान उघडायच्या आधी स्कूटरवर बसून त्या कामाला निघायचे.

दुकान म्हणजे सासऱ्यांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर काढलेलं स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान. मी लग्न होऊन अमरावतीकडून आले तेव्हा मला वाटलं होतं, नवरा दुकानदार आहे, दुपारी घरी जेवायला येईल, संध्याकाळी तळ्यावर फिरायला नेईल. तळं तर घरापासून हाकेच्या अंतरावर. पण फिरायला निघालो की दहा पावलांवर कुणीतरी "भैया, एक मिनिट" म्हणायचं, आणि मी एकटीच काठावर बसून पाण्यातले दिवे बघायची. चिडायची मी खूप. पण खरं सांगायचं तर त्या बसण्याची मला गोडीही लागली होती. मागून यांचा आवाज ऐकू यायचा, कुणाला तरी समजावणारा, आणि वाटायचं, हा माणूस आपला आहे.

नगर निगमच्या निवडणुकीत पाऱ्यानेच यांना उभं केलं. नागपुरी वळणाची हिंदी बोलणारा, भाषणात अडखळणारा माणूस पार्षद, म्हणजे नगरसेवक, झाला. आमच्या घरात पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी हे पुन्हा फेस लावून पिंपळाखाली.

मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं. ते दिवस आठवले की मला अजून नीट खरे वाटत नाहीत. कालपर्यंत कुठलाही मोठा कागद हलवायचा म्हणजे रात्रीची गाडी धरून भोपाळ गाठावं लागायचं, आणि एका सकाळी उठलो तर राजधानी आमच्याच गावात. जुन्या कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या. त्यांचा रंग ओला असायचा, हात लावला तर बोटाला लागायचा. इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय आलं, कुणाच्या तरी राहत्या बंगल्यात संचालनालय बसलं. रस्त्यावर लाल दिव्यांच्या गाड्या फिरायला लागल्या आणि पानठेल्यावरची माणसं त्यातल्या साहेबांना ओळखायचा खेळ खेळू लागली. हिवाळ्याच्या धुक्यात तळ्यावरून बघितलं की पलीकडचं शहर अर्धंच दिसायचं, आणि मला वाटायचं, उरलेलं अर्धं अजून बनून राहिलंय. आम्ही सगळेच तेव्हा थोडे हुरळलेले होतो.

त्याच हिवाळ्यात बडीवाली काकी आमच्या दारात आली. ती शहराच्या कडेच्या भनपुरीची. रखिया म्हणजे कोहळा किसून, उडदाच्या वाटणात घालून ती बड्या करायची, आपल्या सांडग्यांसारख्या, आणि टोपलीत घेऊन पाऱ्यात विकायची. दरवर्षी तिच्या बड्या पांढऱ्याशुभ्र असायच्या. त्या वर्षी टोपलीवरचं फडकं काढलं तर सगळ्या राखाडी, मधूनमधून काळे ठिपके.

मी नाक मुरडलं. "हे काय काकी? जळल्या काय?"

"नइ भउजी," ती म्हणाली. "छानी ऊपर सुखाए रहेंव. रात-दिन करिया धुर्रा गिरथे. बरी करिया होगे."

छानी म्हणजे घराचं छप्पर. तिथं वाळत घातलेल्या बड्यांवर रात्रंदिवस काळी धूळ पडते, असं ती सांगत होती. तिच्या वस्तीच्या पाठीमागे लोखंडाचा नवा कारखाना सुरू झाला होता. हे तेव्हा अंगणात चप्पल घालत होते. त्यांनी एक बडी उचलली, बोटांनी चोळली, बोटं पाहिली. मग काकीला म्हणाले, "चलो, दिखाओ." टोपलीसकट तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाले. मी दारात उभी राहून हसत होते. काकी पहिल्यांदाच स्कूटरवर बसली असावी, तिने डोळे गच्च मिटले होते.

दुपारी हे परत आले तेव्हा सदऱ्याची कॉलर काळी होती. जेवताना म्हणाले, "तिथं पोट्टे काळं थुंकून राहिले. घरात भात झाकून ठेवावा लागते, नाही तर त्याच्यावरही थर बसते."

"मग तुमच्या निगमात सांगा ना."

"हे निगमचं काम नाही. हे वरचं काम आहे. विधानसभेत विचारावं लागते हे."

विधानसभा हा शब्द त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा उच्चारला तो असा. मी त्यांना वरण वाढत होते. पुढे लोकांनी अनेक कारणं सांगितली, पक्षाने ओळखलं, जातीचं गणित जुळलं, नशीब उघडलं. पण ह्यांच्या डोक्यात आमदारकी शिरली ती त्या काळ्या बडीमुळे, हे मला नक्की माहीत आहे.

निवडणूक आली तेव्हा पक्षाने त्यांना भनपुरीच्या बाजूचंच तिकीट दिलं. प्रचारात हे प्रत्येक वस्तीत एकच गोष्ट बोलले, मी सभागृहात उभा राहून तुमच्या छपरांबद्दल विचारीन. दुसरं काही कबूलच केलं नाही. मोठ्या नेत्यांनी डोक्याला हात लावला. पण काकीने आणि तिच्याबरोबरच्या बायांनी घरोघर जाऊन सांगितलं, आणि हे निवडून आले. त्या दिवशी काकीने माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मलाही रडू आलं.

त्यानंतरचं एक वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं. आम्ही अजून बूढापाऱ्यातच राहत होतो. विधानसभेत बोलायचं म्हणजे हिंदी सफाईदार हवी, म्हणून रोज संध्याकाळी गच्चीवर तालीम चालायची. दोरीवर वाळणारे सदरे, चादरी, माझी लुगडी, हे सगळे माननीय सदस्य. मी उलट्या बादलीवर बसून अध्यक्ष. अध्यक्ष मीच आणि मंत्रीही मीच.

हे दोन्ही हात मागे बांधून म्हणायचे, "अध्यक्ष महोदय, क्या मंत्री जी बताएंगे कि भनपुरी के घरों की छतों पर जो काली धूल गिर रही है, वह कहां से आ रही है?"

मी मंत्र्याचा आवाज काढायची, "जानकारी एकत्रित की जा रही है."

"कब तक एकत्रित होगी?"

"बैठ जाइए, बैठ जाइए!"

मग हे खरोखर चिडायचे आणि चादरीकडे बोट करून भांडायचे. वारा आला की सगळं सभागृह एकदम हलायचं. शेजारची दीदी तिच्या गच्चीवरून ओरडायची, "भैया, मेरा वोट आपको!" तळ्याकडून गार हवा यायची, खालच्या गल्लीत कुणीतरी कांदा परतत असायचं. मी बादलीवर बसल्या बसल्या विचार करायची, हे खऱ्या सभागृहात असंच बोलले तर साऱ्या छत्तीसगडला कळेल की माझा नवरा किती सरळ माणूस आहे. त्यांच्यापेक्षा मलाच त्या दिवसाची जास्त घाई झाली होती.

पण प्रश्न विचारणं इतकं सोपं नव्हतं. सगळे आमदार प्रश्न देतात, चिठ्ठ्या टाकून त्यांचा क्रम लागतो, आणि प्रश्नांचा तास संपेपर्यंत वरचे थोडेच प्रश्न पुकारले जातात. प्रत्येक सत्रात यांचा प्रश्न खाली कुठेतरी असायचा. तास संपायचा, हे घरी यायचे, मी पाणी द्यायची आणि काही विचारायची नाही. बडीवाली काकी मात्र आली की विचारायची, "भैया बोलिस का?" मी म्हणायची, "पुढच्या वेळी."

ती पुढची वेळ शेवटी आली. प्रश्न वरून तिसरा लागला. त्या संध्याकाळी हे नाचत घरी आले, वयाला न शोभेल असे. प्रश्नाच्या आदल्या दिवशी गच्चीवर शेवटची तालीम झाली. मध्येच खाली फोन वाजला. हे खाली गेले, बराच वेळ वर आलेच नाहीत. मी कपडे काढून घड्या घातल्या. खाली आले तर हे ताटावर बसले होते.

"कोणाचा फोन?"

"पक्षातला." मग भाकरी मोडत म्हणाले, "उद्या तू नको येऊ. गर्दी राहते."

"वा! काहून नको? काकीचा पास काढला मी. तिला शब्द दिला आहे."

मला वाटलं, माणूस घाबरला आहे, बायकोसमोर अडखळायची लाज वाटते आहे. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "चादरीशी भांडता तसंच भांडा." ते हसलेसुद्धा नाहीत, पण त्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

सकाळी मी आणि काकी वेगळ्या निघालो. काकीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. विधानसभेच्या फाटकावर तपासणी झाली. तिच्या पिशवीतून शिपायाने एक काळं कापड बाहेर काढलं आणि तो सावध झाला. आत कुणी काळा झेंडा दाखवू नये म्हणून काळं कापड नेऊ देत नाहीत.

"काला कपड़ा अलाउड नहीं है, माताजी."

"करिया नोहे बेटा," काकी म्हणाली, "सफेद आय!" तिच्या नवऱ्याचं धोतर होतं ते. रात्रभर छपरावर ठेवून ती भैयाला दाखवायला घेऊन आली होती. शिपाई कापडाकडे बघत राहिला, मग त्याने ते टेबलाखाली ठेवलं. आम्ही दोघी हसत हसत जिना चढलो. मला किती हलकं वाटत होतं म्हणून सांगू!

प्रेक्षकांच्या सज्जात गार होतं. खाली गालिचा, खुर्च्या, सगळं हिरवंगार आणि शांत, माणसं हळू चालत होती. काकीने माझा हात धरला होता. मी वरून शोधलं आणि मागच्या रांगेत हे दिसले, पांढऱ्या सदऱ्यात, मान खाली घालून. मी काकीला दाखवलं. तिने वरूनच हात जोडले.

पहिला प्रश्न झाला. दुसरा लांबला, बरीच खडाजंगी झाली. तेवढ्यात हे उठले. मला वाटलं, तयार होत आहेत. ते रांगेतून बाहेर पडले, बाजूच्या दारापाशी गेले, दार ढकललं आणि दिसेनासे झाले.

दुसरा प्रश्न संपला. अध्यक्षांनी यांचं नाव पुकारलं.

कुणी उठलं नाही. अध्यक्षांनी पुन्हा पुकारलं. नंतर कागद पालटला आणि पुढचं नाव घेतलं. पुढचा माणूस उभा राहून बोलायलाही लागला. हे सगळं इतकं सहज झालं की खाली कुणी मान वळवून पाहिलंदेखील नाही.

माझ्या शेजारी दुसऱ्या एका आमदाराची बायको बसली होती. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "चाय पीने गए होंगे. सरकार को अड़चन वाला सवाल हो तो अपने पक्ष के लोग उठ जाते हैं. मेरे वाले भी जाते हैं." तिने ते माझी समजूत घालण्यासाठीच सांगितलं. ती बरीच जुनी होती, मी नवी होते.

काकी खाली डोळे लावून बसली होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "भैया कब बोलही, भउजी?"

"आज नाही बोलणार," मी म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून. तिला कळलं.

"तबियत बने नइ हे का?"

माझ्या नवऱ्याची तब्येत बिघडली की काय, याची तिला काळजी वाटली. त्या क्षणी मला सज्जाच्या कठड्यावरून खाली ओरडावंसं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "तबियत अच्छी है, काकी. वो उठ के चले गए." काकीने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा खाली पाहिलं. तास संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. निघताना फाटकावर तिने शिपायाकडून धोतर मागून घेतलं, नीट घडी घातली, पिशवीत ठेवलं. मी तिला रिक्षाने घरी सोडते म्हणाले तर तिने मान हलवली आणि टेम्पोच्या दिशेने चालू लागली.

संध्याकाळी हे घरी आले. मी दारातच विचारलं, "कुठे होता?"

"चहा प्यायला गेलो होतो." खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणते. मग पायरीवर बसले आणि चपला न काढता सांगायला लागले. फोनवर त्यांना एका सरकारी मंडळाचं अध्यक्षपद देऊ केलं होतं, गाडी, बंगला, सगळं. फक्त उद्याचा प्रश्न तेवढा नको. "एक प्रश्न सोडला तर काय बिघडते? पद असलं तर जास्त कामं होतील. पुढच्या सत्रात विचारतो ना मी."

मी म्हटलं, "ती तुमच्या तब्येतीची काळजी करून राहिली होती." ते वाकून चपला काढायला लागले. मी आत गेले. त्या संध्याकाळी गच्चीवर कुणीच गेलं नाही.

आम्ही शंकर नगरला राहायला गेलो. बंगल्याला लॉन होतं, फाटकावर पहारेकरी होता. न्हावी आता आत व्हरांड्यात येऊन दाढी करायचा. बाहेर लोक बाकावर बसून असायचे. पुढचं सत्र आलं, त्याच्या पुढचंही आलं. प्रश्न पुन्हा दिला गेला नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही. मी काही त्यांच्याशी अबोला धरला नाही. डबा दिला, औषधं दिली, दौऱ्यावर बॅग भरून दिली. प्रेमही केलं. फक्त त्यांचं भाषण ऐकायला मी परत कधी गेले नाही. काकी शंकर नगरला कधी आली नाही. मी एकदा भनपुरीला तिच्या घरी गेले. आता ती घरात, पंख्याखाली बड्या वाळवत होती. तिने मला खाट दिली, चहा दिला, मुलांची चौकशी केली. यांच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

हे आणखी एकदा निवडून आले, मग दोनदा पडले, मग तिकीटच मिळालं नाही. बंगला गेला, पहारेकरी गेला. आम्ही परत बूढापाऱ्याच्या घरात आलो. माणसं येतात अजून, पण जुनी, गप्पा मारायला. आणि त्या गप्पांतून ती गोष्ट हळूहळू उगवायला लागली. आधी हे म्हणायचे, भनपुरीचा प्रश्न मी लावला होता. काही वर्षांनी म्हणायला लागले, प्रश्न मी मांडला होता. मग त्यात सभागृह आलं, अध्यक्ष आले, मंत्र्याला फुटलेला घाम आला. बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळायचा की मला ती गच्ची दिसायची, हलणाऱ्या चादरी दिसायच्या. त्यांना स्वतःलाच ते घडलं असं वाटतं, याची मला खात्री पटली होती. मी मूग गिळून बसायची. म्हातारपणी कुणाचं स्वप्न मोडायचं तरी कशाला?

मागच्या हिवाळ्यात भिलाईहून नात आली होती. वकिलीचं शिकते. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदी. आम्ही तिघं गच्चीवर उन्हात बसलो होतो, मी मटार सोलत होते. तिने आजोबांना विचारलं, तुम्ही विधानसभेत काय केलं? आणि हे सुरू झाले. हात मागे बांधून, खुर्चीतून उठून, "अध्यक्ष महोदय, क्या मंत्री जी बताएंगे..." शब्द न् शब्द तोच. एवढ्या वर्षांनी हिंदी मात्र अगदी सफाईदार झाली होती. सभागृह शांत झालं, म्हणाले. मंत्री उत्तर देऊ शकले नाहीत, म्हणाले.

नात टाळ्या वाजवत माझ्याकडे वळली. "आजी, तू थी ना वहां? तूने सुना था?"

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मला काकी दिसली, खाली डोळे लावून बसलेली.

"होते मी," मी म्हटलं. "पण तुझे आजोबा नव्हते. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा खुर्ची रिकामी होती."

खरं बोलल्यावर हलकं वाटेल असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. हे उभेच होते, हात अजून मागे बांधलेले. मला वाटलं, आता चिडतील, किंवा गोंधळून बघतील. ते तसे बघत नव्हते. हळूच खाली बसले आणि म्हणाले, "तुझी आजी बरोबर सांगून राहिली." तेव्हा मला कळलं की ते काहीच विसरले नव्हते. इतके दिवस आम्ही दोघंही सगळं आठवून गप्प होतो.

नात एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग तिने विचारलं, "तो फिर वो सवाल पूछा किसने?"

ह्यांनी माझ्यासमोरच्या शेंगांतली एक उचलली, सोलली, दाणे माझ्या ताटात टाकले.

"कोणीच नाही, बेटा," ते म्हणाले. "कोणीच नाही विचारला."